आतड्यांचा संप

‘आतड्यांचा संप, कांद्याचे लिलाव तिसऱ्या दिवशीही बंद.’ हा मथळा मी टाइप केला, दोनदा वाचला आणि जिल्ह्याच्या पानावर बसवला. लिहायचं होतं ‘अडत्यांचा संप’. तसाच छापून गेला असता तर सोलापुरात आठवडाभर लोकांना दुसरा विषय लागला नसता. गेला नाही, कारण आमच्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात तेव्हा एक मुद्रितशोधक शिल्लक होते.

सगळे त्यांना चाचा म्हणत. साठीच्या आसपासचे, उंच, खांद्यात थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली. मूळचे मैंदर्गीचे, राहायला शुक्रवार पेठेत. घरात दखनी, गावाकडे कानडी, कार्यालयात मराठी. बोलताना ‘हाय’ आणि ‘न्हाई’, पण कागदावर ऱ्हस्वदीर्घ तपासून घ्यायला संपादकही त्यांच्याकडे जात.

चूक सापडली की ते तिच्याभोवती गोल करत, समासात खूण करत आणि कागद ट्रेमध्ये टाकत. कुणाच्या टेबलापाशी जात नसत. त्या दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले आणि प्रूफ पालथं ठेवून उभे राहिले.

“बेटा, हे तू लिवलंस?”

मी कागद उलटून पाहिला. “सॉरी चाचा. घाईत झालं.”

“घाईत एक अक्षर चुकतं. हितं अ चा आ झाला, ड च्या जागी त आला, त च्या जागी ड. तीन चुका एका शब्दात, आणि तरी शब्द बरोबर. ही बोटाची चूक न्हाई.”

शेजारच्या टेबलावरच्या क्रीडा पानाच्या सहकाऱ्याने मान लांब करून मथळा वाचला. “चाचा, आतड्यांच्या मागण्या काय आहेत?”

“तुझ्यासारख्याच. काम कमी, सुट्टी जास्त.” त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग आवाज उतरवून मला विचारलं, “पोट कवापासनं बिघडलंय?”

मी म्हणाले, “काही नाही.” ते ‘बरं’ म्हणून आपल्या जागेवर गेले. मला तेव्हा पोटात कळ येत होती. गेले तीन महिने रोज येत होती.

चुकांबद्दल त्यांचा एक सिद्धान्त होता आणि तो ते गंभीरपणे मांडत. चुका तीन जातीच्या असतात. बोटाची चूक म्हणजे शेजारची कळ दाबली जाणं. डोळ्याची चूक म्हणजे एक ओळ दोनदा येणं किंवा मधली गळणं. तिसरी पोटाची. तिच्यात शब्द शुद्ध असतो, फक्त तो बातमीतला नसतो, लिहिणाऱ्याच्या पोटातला असतो. गुन्हे वार्ताहर सलग आठवडाभर ‘जीवनावश्यक’च्या जागी ‘जेवणावश्यक’ लिहीत होता. चाचांनी चौकशी केली तेव्हा कळलं, गडी सकाळी चहावर बाहेर पडतो आणि पहिला घास दुपारी चारला घेतो. त्याला त्यांनी डबा आणायला लावला.

सिद्धान्त दरवेळी लागू पडत असे असं नाही. जाहिरात विभागातल्या एका मॅडमच्या मजकुरात ‘आंबा महोत्सव’चं ‘आंबट महोत्सव’ झालं, तेव्हा चाचांनी त्यांना आम्लपित्त झाल्याचं ठरवलं आणि दोन दिवस चहा सोडायला सांगितलं. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. मोबाइलवरून मजकूर पाठवताना मोबाइलने स्वतःच शब्द पुरा केला होता. चाचांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग मोबाइलला ॲसिडिटी हाय.”

त्यांचं जेवण हा कार्यालयातला एक कार्यक्रम होता. दीड वाजता ते संगणकाच्या पडद्यावर चौकडीचा सोलापुरी टॉवेल टाकत. मोबाइल ड्रॉवरमध्ये. टेबलावरचं त्या दिवशीचं वर्तमानपत्र, जे त्यांनी स्वतः वाचून शुद्ध केलेलं असे, ते पालथं. मग डबा उघडण्याआधी उजवा हात पोटावर ठेवून सहा वेळा सावकाश श्वास सोडत. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावत. नवीन आलेली पोरं हसत.

“चाचा, बाळ लाथा मारतंय का?”

“मारतंय की. तुझ्या बातम्या वाचून.”

डब्यात ज्वारीची कडक भाकरी, एक भाजी, बाटलीत ताक. शेंगाचटणी ते चिमूटभर घेत आणि तिच्याकडे बघत जेवत. भाकरीचं त्यांचं गणित सरळ होतं. कडक भाकरी घाईने गिळता येत नाही. ती दाताखाली आवाज करते आणि माणूस कितीही घाबरलेला असला तरी त्याला चावत बसायला लावते. “डाक्टर सांगतो बत्तीस वेळा चावा. कोण मोजणार? भाकरी स्वतःच मोजून घेती.” ताक मात्र सगळ्यांनी प्यावं असा त्यांचा आग्रह नव्हता. ज्याला सोसत नाही त्याने पिऊ नये, आणि पोट बिघडलं असताना कुणाचं बघून काही सुरू करू नये, असं ते म्हणत.

जेवताना त्यांच्याशी कामाचं बोललेलं चालत नसे. एकदा वृत्तसंपादक महामार्गावरच्या अपघाताची बातमी घेऊन आले आणि मृतांची नावं वाचून दाखवू लागले. चाचांनी घास खाली ठेवला, डबा बंद केला, बातमी ऐकली, नावं दुरुस्त केली, आणि ते गेल्यावर डबा पुन्हा उघडला. मी विचारलं, नुसतं ऐकायला काय हरकत होती. ते म्हणाले, “पोटाला वाचता येतं, बेटा. पण त्याला तारीख कळत न्हाई, गाव कळत न्हाई. अपघात कुटं बी झाला तरी त्याला वाटतं आपल्याच दारात झाला.”

हे त्यांना कुणी शिकवलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. चाळिशीत असताना त्यांचं पोट वर्षभर बिघडलं होतं. जेवलं की मुरडा, मग धावपळ, मग दोन दिवस काहीच नाही. सोलापूर झालं, मिरज झालं. रक्त तपासलं, दुर्बीण घातली, काही निघालं नाही. “रिपोर्ट नॉर्मल. माणूस नॉर्मल न्हाई.” शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांना काय खाता हे विचारलं नाही. खाताना काय करता, असं विचारलं. चाचा म्हणाले, प्रूफ वाचतो. कसलं? निधनवार्ता आणि पान एक.

त्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं की मेंदू आणि आतडं यांच्यामध्ये तार आहे आणि ती दोन्ही टोकांकडून वाजते. मेंदू घाबरला की आतडं पळतं किंवा गच्च होतं. आतडं बिघडलं की मेंदू घाबरतो. वाढत जातं ते असं. औषध दिलं, पण त्याच्याबरोबर जेवणाची वेळ, झोपेची वेळ, रोजचं चालणं आणि तो पोटावर हात ठेवून सोडायचा श्वास हेही दिलं. बरं व्हायला पाच-सहा महिने लागले. चाचांना पुढचं सगळं आयुष्य त्याचं कौतुक राहिलं, आणि भीतीही.

भीती त्या वर्षी आमच्या कार्यालयात सगळ्यांनाच होती. पानांची जुळणी आता पुण्यात होणार आणि इथलं डेस्क कमी होणार असं बोललं जात होतं. कमी करायच्या लोकांची यादी तयार आहे, असं प्रत्येकजण दुसऱ्याकडून ऐकल्याचं सांगे. यादी कुणी पाहिली नव्हती. वृत्तसंपादक पित्ताच्या गोळ्या बडीशेपेसारख्या चघळत. दुपारच्या बैठकीआधी स्वच्छतागृहापाशी रांग लागे आणि रांगेतले लोक एकमेकांशी हवामानावर बोलत. चाचा एकदा त्या रांगेकडे बघून म्हणाले, “यादी यायचीय अजून. पोटं आदीच रिकामी झाली.”

माझं प्रकरण त्या रांगेतलं नव्हतं, निदान मी तसं समजत होते. माझे वडील माळशिरसकडे शेती करायचे. त्यांचं पोट दुखायला लागलं तेव्हा ते ‘गॅस हाय’ म्हणाले. सोडा प्यायले, ओवा खाल्ला, देवळात जाऊन आले. वजन उतरलं तेव्हा उन्हाळ्यावर ढकललं. सोलापूरला आणलं तेव्हा मोठ्या आतड्याचा कर्करोग पुढे गेलेला होता. मी तेव्हा कॉलेजला होते. त्यांच्या पलंगाशेजारी बसून मी पेपर वाचून दाखवायचे आणि ते प्रत्येक बातमीला ‘बरं’ म्हणायचे.

आता माझं वय एकतीस. तीन महिने पोटात कळा, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. कपडे सैल झाले होते. एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वडिलांचं विचारलं आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी लिहून दिली. ती चिठ्ठी तीन आठवडे माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती. आईला सांगितलं नव्हतं. ती ऐकताच माझ्यात वडील बघायला लागेल, याची मला खात्री होती. रोज मी मोबाइलवर लक्षणं वाचायचे. बातमी तपासावी तशी दोन-तीन ठिकाणी तपासायचे. मला हवी ती भीती प्रत्येक ठिकाणी सापडायची.

संपाच्या मथळ्यानंतर चाचांनी मला दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर म्हणाले, चल, चार पावलं. ते रोज जेवल्यावर कार्यालयाच्या मागच्या गल्लीतून एक फेरी मारत. त्या फेरीत त्यांनी मला चार प्रश्न विचारले. शौचातून रक्त जातं का. वजन उतरलंय का. पोट झोपेतून उठवतं का. घरात कुणाला झालेलं आहे का.

पहिल्याला आणि तिसऱ्याला मी नाही म्हणाले. दुसऱ्याला, थोडं. चौथ्याला, “वडील.”

ते चालायचे थांबले. गल्लीत एका घरासमोर एक बाई पापड वाळत घालत होती. पापडांवर पाय पडू नये म्हणून ते मला घेऊन कडेला झाले.

“मग हितं माझं शहाणपण संपलं,” ते म्हणाले. “ताक, भाकरी, श्वास, ते सगळं करू. पण वडील म्हणलीस तितं डाक्टर. तपासायचं.”

“चिठ्ठी आहे माझ्याकडे.”

“कवाची?”

मी सांगितलं.

“तीन आठवडे पर्समधी ठेवलीस व्हय? पर्सला झालंय का दुखणं?”

“मला भीती वाटते चाचा.”

“वाटू दे की. भीती असली म्हणून दुर्बीण आत जात न्हाई, असं हाय का?”

तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली. त्या दोन आठवड्यांत त्यांनी मला आपल्या कार्यक्रमात घेतलं. दीडला जेवण. पडद्यावर माझी ओढणी. मोबाइल त्यांच्या ड्रॉवरमध्ये, त्यांच्या मोबाइलशेजारी. दिवसाला दोनच चहा आणि तेही रिकाम्या पोटी नाही. भाज्या वाढवायच्या त्या एकदम नाही, हळूहळू. अंथरुणात मोबाइल नाही. लक्षणं वाचायची असतील तर दिवसातून एकदा, उभं राहून, पाच मिनिटं. उभं का, तर माणूस उभं राहून फार वेळ घाबरू शकत नाही, पाय दुखतात. आणि मनात जे येतं ते रोज एका माणसाला मोठ्याने सांगायचं. तो माणूस तेच होते. मी सांगायचे, मला वाटतं मला तेच झालंय. ते म्हणायचे, हौ, ऐकलं. आणखी काही म्हणायचे नाहीत.

दहाव्या दिवशी कळा कमी झाल्या. दोन दिवस तर आल्याच नाहीत. मी त्यांना म्हणाले की आता तपासणीची गरज दिसत नाही. मला वाटलं होतं ते खूश होतील.

“पोट हसाया लागलं म्हणून तुला सुट्टी न्हाई,” ते म्हणाले. “बरं वाटनं म्हंजे रिपोर्ट न्हवं. तुझ्या वडलांना मधी बरं वाटत नव्हतं का?”

वाटत होतं. दिवाळीत ते आठ दिवस ठणठणीत होते आणि आम्ही सगळे तेवढ्यावर विसंबलो होतो. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

रुग्णालयाने सांगितलं होतं की गुंगी देतात, सोबत एक मोठं माणूस हवं. मी चाचांना विचारलं. ते म्हणाले, येतो.

तपासणीच्या आदल्या दिवशी कार्यालयात यादी आली. पुण्याहून आलेल्या अधिकाऱ्याने एकेकाला आत बोलावलं. मुद्रितशोधन विभाग बंद होणार होता, म्हणजे चाचा. महिन्याभराची मुदत दिली होती. ते बाहेर आले, पत्र घडी करून पेन्सिलींच्या खिशात ठेवलं आणि जागेवर बसले. दीड वाजला. त्यांनी टॉवेल पडद्यावर टाकला, हात पोटावर ठेवला, पण डबा उघडला नाही. टॉवेल काढून ते पुन्हा प्रूफ वाचायला लागले. दुपारभरात ते चार वेळा उठून गेले. मी मोजलं, कारण तीन महिने मी स्वतःचं मोजत होते. चौथ्यांदा परत येताना माझ्या टेबलाशी थांबले.

“घाबरू नको,” ते म्हणाले. “मला बी होतं. शिकवणाऱ्याला होत न्हाई असं कुटं लिवलंय?”

“चाचा, उद्या तुम्ही नाही आलात तरी चालेल.”

“सकाळी सात. रिक्षा मी आणतो.”

पावणेसातला ते माझ्या खोलीखाली उभे होते. हातात पिशवी. तिच्यात मला नंतर खायला दहीभात, आणि वाचायला काही नाही. मी आदल्या संध्याकाळपासून पोट साफ करायचं औषधी पाणी पिऊन रिकामी झालेली. रिक्षात त्यांनी एकच वाक्य उच्चारलं. पोट, पेट, होट्टे, तिन्ही भाषांमधे ट हायच, जीभ वाकडी केल्याबिगर बोलताच येत न्हाई. मला हसू आलं नाही, पण ते मी हसावं म्हणून बोलले हे कळलं.

तपासणीतलं मला काही आठवत नाही. जाग आली तेव्हा तोंड कोरडं होतं आणि एक नर्स, झालं, झालं, असं म्हणत होती. तासाभराने आम्ही बाहेरच्या बाकांवर बसलो. रिपोर्ट काउंटरवर मिळेल, तो घेऊन डॉक्टरांना भेटा, असं सांगितलं. डॉक्टर पुढच्या तपासणीत होते.

काउंटरवरच्या मुलीने आडनाव पुकारलं. मी उठले. माझ्याबरोबर आणखी एक बाई उठल्या. हिरवं लुगडं, पायात रबरी चप्पल, हातात कापडी पिशवी. एकच आडनाव. काउंटरवर दोन लिफाफे होते. मुलगी फोनवर बोलत होती. तिने एक माझ्यापुढे सरकवला, एक त्यांच्यापुढे.

लिफाफा मी उभ्या उभ्याच उघडला. इंग्रजीतला एक कागद, दोन रंगीत चित्रं. मी वरचं काही वाचलं नाही. डोळे थेट खाली गेले, जिथे निष्कर्ष असतो. ‘ग्रोथ’ हा शब्द होता. त्याच्यापुढे ‘सस्पिशियस’. बायोप्सी घेतल्याचं लिहिलं होतं.

त्यानंतर मी बाकापर्यंत कशी आले माहीत नाही. कानात फक्त पंख्याचा आवाज होता. आईला फोन करावा लागेल, एवढंच डोक्यात फिरत होतं, आणि आई फोनवर पहिला शब्द कोणता बोलेल तो मला ऐकू येत होता. कागद माझ्या हातातून चाचांनी घेतला. चष्मा लावला. खिशातून पेन्सिल काढली. त्यांच्या कामातला निम्मा भाग निधनवार्तांचा होता, आणि निधनवार्ता वाचताना ते मजकुराला कधी आधी हात लावत नसत. आधी नाव, मग वय, मग गाव. त्या कागदावरही त्यांची पेन्सिल वरून निघाली.

“बेटा, तुझं वय किती?”

त्यांनी पुन्हा विचारलं.

“एकतीस.”

“हितं अठ्ठावन्न हाय. आडनाव तुझं. नाव तुझं न्हाई.”

मी कागदावर वाकून बघितलं. मग मी हसले. मोठ्याने हसले, दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं. हे लिहायचं टाळता आलं असतं, पण मी हसले ही वस्तुस्थिती आहे.

चाचा हसले नाहीत. ते समोर बघत होते. पाण्याच्या टाकीशेजारच्या बाकावर त्या हिरव्या लुगड्यातल्या बाई बसल्या होत्या आणि मोबाइल दोन्ही हातांनी धरून बोलत होत्या.

“काय न्हाई निघालं. हितल्या एका पोरीनं वाचून सांगितलं, नॉर्मल म्हनून. व्हय. समदं चांगलं हाय. आता येताव. भाऊ रिक्षा बघाया गेलाय. तू रडू नको आता. रडू नको म्हनलं की.”

आम्ही काउंटरवर गेलो. चाचांनी कागद दाखवला. मुलीचा चेहरा उतरला. ती जेमतेम वीस-बावीसची असेल. “द्या ना इकडे,” ती घाईने म्हणाली, “मी त्यांच्याकडचा घेऊन येते आणि बदलून देते. कुणाला सांगू नका, प्लीज.”

“बदलून देशील,” चाचा म्हणाले, “आणि त्या बाईला काय सांगशील?”

तिने पुढे केलेला हात मागे घेतला.

“डाक्टरांना आतमधी निरोप दे. त्या बाई गेटाबाहेर पडायच्या आत डाक्टर इथं पाहिजेत. चूक कुणाची ते आपण नंतर बघू.”

ती पळत आत गेली. बाईंचा फोन संपला होता. त्या उठून पदर खोचत होत्या, पिशवी काखेत. फाटकाकडे एक रिक्षा वळत होती. चाचा त्यांच्याकडे निघाले आणि मी मागे. त्यांचा डावा हात पोटावर होता. तो तिथे आहे हे त्यांना ठाऊक नसावं.

“मावशी, जरा थांबा. तुमचा आन हिचा कागद बदललाय. आडनाव एकच हाय म्हणून गोंधळ झाला.”

“बदललाय?” त्यांनी पिशवीतून लिफाफा काढला. “मग ह्यो कुनाचा?”

“हिचा.”

“आन माझा?”

चाचांच्या हातात तो लिफाफा होता. त्यांनी तो पुढे केला नाही. “डाक्टर येतायत. ते सांगतील.”

बाई चाचांकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मी चेहरा नीट ठेवायचा प्रयत्न केला. बातमीत लिहितो तसा, कुणाची बाजू न घेणारा चेहरा. तो जमला नसणार. त्या सावकाश पुन्हा बाकावर बसल्या. बसताना त्यांनी एका हाताने बाक चाचपला, अंधारात बसावं तसा.

“हिचा चांगला आलाय म्हना की,” त्या म्हणाल्या.



त्यांनी लिफाफा मांडीवर ठेवला. त्याचा एक कोपरा पिशवीत दुमडला होता. तो अंगठ्याने दोनदा दाबून सरळ केला आणि माझ्यापुढे धरला.

“घे पोरी. तुझा हाय.”

मला हात पुढे करता येईना. चाचांनी तो घेतला, कागद बाहेर काढला, वरून खालपर्यंत वाचला, नाव, वय, गाव, सगळ्या ओळी, आणि मग मला दिला. मी तो वाचला नाही. पोटात अशी कळ आली की मला वाकावं लागलं.

बाई चाचांना विचारत होत्या, “तुमी तिचे कोन?”

“आपिसातले.”

“घरचे न्हाई?”

“न्हाई.”

“माझं बी हितं कोन न्हाई. भाऊ भाईर हाय, त्येला आत्ताच सांगू नका.” त्यांनी पिशवी उचलून पलीकडे ठेवली आणि बाकावर जागा केली. “डाक्टर येस्तोवर बसा की हितं.”

चाचा त्यांच्याशेजारी बसले. त्यांचं गाव विचारून त्या तिकडच्या बोरी नदीबद्दल काहीतरी विचारू लागल्या आणि ते उत्तर देऊ लागले. बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता. आत डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं, आणि त्या बोलायच्या थांबल्या नाहीत. फक्त त्यांनी चाचांचं मनगट धरलं.